तेलातले अखंड रेणू

सजीवांच्या शरीरात तयार होणारे आणि पाण्यात न विरघळता क्लोरोफॉर्म, ईथर, हेक्झेन यांसारख्या द्रावकांत उतरणारे पदार्थ लिपिड या नावाखाली एकत्र येतात. तेल, तूप, मेण, कोलेस्टेरॉल, पेशीपटलातले फॉस्फोलिपिड, मेंदूतले स्फिंगोलिपिड, टोमॅटोला लाल करणारे लायकोपीन ही सगळी याच कुळातली. व्याख्या विद्राव्यतेवर बेतलेली असल्यामुळे रचनेने एकमेकांशी फारसे साम्य नसलेले रेणूही या कुळात शेजारी येतात. अमेरिकेत २००३ साली सुरू झालेल्या लिपिड मॅप्स या प्रकल्पाने २००५ मध्ये त्यांची आठ गटांत वर्गवारी केली, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळा तीच वापरतात.

खाद्यतेलात यांपैकी ट्रायग्लिसराइडांचे राज्य असते. ग्लिसरॉल हा तीन कार्बनांचा लहानसा रेणू. त्याच्या प्रत्येक कार्बनावर एकेक मेदाम्ल, म्हणजे कार्बनांची एक साखळी, जोडले गेले की ट्रायग्लिसराइड होते. सोयाबीनच्या तेलात मेदाम्ले मुख्यतः पाच: पामिटिक, स्टिअरिक, ओलेइक, लिनोलेइक आणि लिनोलेनिक. या पाचांतून तिघांची निवड करायची, तेच मेदाम्ल पुन्हा घेण्याची मुभा ठेवायची, तर ३५ वेगवेगळे संच होतात. कोणते मेदाम्ल कोणत्या कार्बनावर बसले आहे हेही धरले तर १२५. पाच घटकांचे म्हणून ओळखले जाणारे तेल प्रत्यक्षात अशा कितीतरी रेणूंचे मिश्रण असते. द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री यांची जोडी हे रेणू न फोडता वेगळे करते, तोलते आणि ओळखते. प्रयोगशाळेत तिला सरसकट एलसी-एमएस म्हणतात.

रेणू न फोडता ओळखण्याची ही सोय नव्हती तेव्हा तेल फोडूनच हाताळले जाई, आणि फोडून मिळणाऱ्या ग्लिसरॉलचा जबलपूरच्या पूर्वेकडच्या खमरियाशी दुरून संबंध पोहोचतो. तिथे १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. दारूगोळ्यातल्या काही प्रोपेलंटांत नायट्रोग्लिसरीन असते. ते ग्लिसरॉलपासून बनते, आणि ग्लिसरॉल त्या काळी मुख्यतः तेल-चरबी फोडून, साबणाबरोबरचा जोडपदार्थ म्हणून मिळत असे. त्याच वर्षी अमेरिकेत स्वयंपाकघरांतली उरलेली चरबी गोळा करण्याची देशव्यापी मोहीम निघाली होती, ती या ग्लिसरीनसाठीच. आणि त्याच वर्षी नागपुरात लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाली. तेल तंत्रज्ञान हा तिचा एक महत्त्वाचा विषय होता. जबलपूर तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडातले शहर होते. त्या पिढीचे तेलाचे रसायनशास्त्र फोडण्याचे होते. रेणू अल्काने फोडायचा, ग्लिसरॉल एकीकडे, मेदाम्ले दुसरीकडे, आणि मग तुकडे मोजायचे. हातातल्या साधनांनी तेवढेच शक्य होते.

खमरियाप्रमाणेच शहराच्या कडेला, अधारताल भागात, जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे. १९६४ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने सोयाबीन मध्य भारतात रुजवले. त्याच्या ‘जवाहर सोयाबीन’ मालिकेतला जेएस ३३५ हा वाण १९९४ मध्ये प्रसारित झाला, आणि विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन पेरणाऱ्या एका पिढीच्या तोंडी त्याचे नाव बसले. तीळ आणि कारळे या दोन पिकांच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे समन्वय केंद्रही याच आवारात अनेक वर्षे राहिले आहे. कारळे तिकडे रामतिल म्हणून ओळखले जाते. मंडला, दिंडोरी, छिंदवाडा भागांतले आदिवासी शेतकरी ते डोंगरउतारावर घेतात. इकडे नाशिक-नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात त्याची पिवळी फुले दिसतात. संक्रांतीचा तीळ आणि भाकरीवरची कारळ्याची चटणी यांच्यामागे जे वाणसंशोधन आहे, त्याचे धागे असे जबलपुरात जुळतात.

तेलबियांच्या वाणाचे वर्णन तेलाच्या टक्क्याने सुरू होते. सोयाबीनमध्ये तो १८ ते २०, तिळात ५० च्या आसपास. त्यानंतर जुनी मानके येतात. आयोडीन मूल्य म्हणजे १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषते तो आकडा. त्यावरून मेदाम्लांतल्या दुहेरी बंधांचा अंदाज लागतो. भारतीय अन्नमानकांत सोयाबीन तेलासाठी तो १२० ते १४१ आणि तीळ तेलासाठी १०५ ते ११५ असा ठरवलेला आहे. हा साऱ्या मिश्रणाचा मिळून एकच आकडा असल्याने दोन तेले योग्य प्रमाणात मिसळून तो जुळवता येतो.

या अडचणीवर भारतात एक खुबीदार तोडगा काढला गेला होता. वनस्पती तुपात ५ टक्के तीळ तेल घालणे कायद्याने बंधनकारक होते. तीळ तेलात सेसमॉलिन नावाचा पदार्थ असतो. तीव्र आम्लात त्यापासून सेसमॉल सुटते आणि फरफ्युरालबरोबर लालभडक रंग येतो. ही बोदुआँची चाचणी. साजूक तुपात कुणी वनस्पती मिसळले असेल तर परीक्षानळीतला लाल रंग ते उघडे करी. महागडे यंत्र नसताना इतक्या साध्या रसायनाने भेसळ पकडण्याची ही योजना कौतुकास्पदच होती. पण ती एका खुणेवर उभी होती. खूण काढून टाकली, किंवा भेसळीचे तेलच दुसरे निघाले, की चाचणी मुकी.

१९५२ मध्ये ए. टी. जेम्स आणि आर्चर मार्टिन यांनी वायू क्रोमॅटोग्राफीने मेदाम्ले वेगळी करून दाखवली, आणि तेलाच्या परीक्षेत मोठा फरक पडला. तेल फोडून मेदाम्लांचे मिथाइल एस्टर करायचे, ते वाफेच्या रूपात लांब नळीतून सोडायचे आणि प्रत्येकाचे प्रमाण टिपायचे. सोयाबीनचे उत्तर साधारण असे येते: पामिटिक ११, स्टिअरिक ४, ओलेइक २३, लिनोलेइक ५३, लिनोलेनिक ८ टक्के. वाणनिवडीसाठी ही माहिती अमूल्य आहे आणि ही पद्धत आजही तितकीच विश्वासार्ह आहे. प्रश्न तिच्या आधीच्या पायरीचा आहे. रेणू फोडल्यावर कोणती तीन मेदाम्ले एका ग्लिसरॉलवर एकत्र होती हे कायमचे पुसले जाते.

ते का महत्त्वाचे, याचे चांगले उदाहरण तान्ह्या बाळाच्या आहारात आहे. आईच्या दुधातले बरेचसे पामिटिक आम्ल ग्लिसरॉलच्या मधल्या कार्बनावर असते. वनस्पती तेलांत ते जवळजवळ नेहमी कडेच्या कार्बनांवर असते. पचनात कडेची मेदाम्ले आधी सुटतात. सुटे पामिटिक कॅल्शियमशी जोडले जाऊन अविद्राव्य साबण बनवते आणि बाळाचे शौच घट्ट होते. मेदाम्लांचे टक्के तंतोतंत सारखे असलेली दोन दुधे बाळाच्या पोटात निराळी वागतात, ती केवळ मांडणीमुळे.

सोयाबीनमध्येही तसेच एक जोडपे आहे. तीन लिनोलेइक असलेले ट्रायग्लिसराइड आणि एक ओलेइक, एक लिनोलेइक, एक लिनोलेनिक असलेले ट्रायग्लिसराइड, या दोघांचे रेणुसूत्र एकच: ५७ कार्बन, ९८ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. दोघांत मिळून मेदाम्लांचे ५४ कार्बन आणि ६ दुहेरी बंध. वर दिलेली मेदाम्ले यदृच्छेने वाटली गेली असे मानले तर पहिले शंभरात सुमारे १५ आणि दुसरे सुमारे ६ निघावे. बी मात्र यदृच्छेने वाटणी करत नाही. त्यातली विकरे कुठे काय बसवायचे याबाबत चोखंदळ असतात. तेव्हा खरे प्रमाण हिशेबाने मिळत नाही, मोजावेच लागते. तिळात लिनोलेनिक जवळपास नसतेच, म्हणून तिळाच्या तेलात या जोडप्यातला पहिला रेणू भरपूर आणि दुसरा जेमतेम. तीळ तेलात सोयाबीन मिसळले की दुसरा डोके वर काढतो.

मोजणीची सुरुवात लिपिड बाहेर काढण्यापासून होते, आणि कामातल्या बहुतेक चुका इथेच होतात. जॉर्डी फोल्श आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीत क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल २:१ या प्रमाणात वापरतात. मिथेनॉल प्रथिनांशी चिकटलेले लिपिड सोडवते, क्लोरोफॉर्म त्यांना विरघळवते, मग पाणी घातले की दोन थर होतात आणि लिपिड खालच्या थरात उतरतात. दोन वर्षांनी कॅनडातल्या हॅलिफॅक्सला ब्लाय आणि डायर यांनी कॉड माशाच्या मांसासाठी कमी द्रावकात भागणारी रीत काढली. दोन्ही आजही रोज वापरात आहेत. २००८ मध्ये मत्याश आणि सहकाऱ्यांनी क्लोरोफॉर्मऐवजी मिथाइल टर्ट-ब्युटाइल ईथर सुचवले. त्यात लिपिडांचा थर वर तरंगतो, त्यामुळे तो काढून घेताना मधला प्रथिनांचा साका मिसळत नाही, आणि विषारी क्लोरोफॉर्मही टळते.

वनस्पतींच्या बाबतीत एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. पान किंवा बी चेचले की त्यातले फॉस्फोलायपेज-डी हे विकर मोकळे होते. ते फॉस्फोलिपिड तोडतेच, शिवाय समोर असलेले मिथेनॉल त्याला जोडून मूळ वनस्पतीत नसलेले नवे लिपिड तयार करते. यंत्र ते इमानदारीने मोजते आणि संशोधक वनस्पतीच्या नावावर टाकतो. म्हणून अमेरिकेतल्या कॅन्सस राज्य विद्यापीठात रूथ वेल्टी यांच्या गटाने रूढ केलेल्या रीतीत पान तोडताक्षणी ७५ अंश सेल्सियसच्या आयसोप्रोपेनॉलमध्ये टाकतात. उष्णतेने विकर निकामी होते. त्या द्रावकात बीएचटी हा ऑक्सिडीकरण रोखणारा पदार्थही थोडा असतो, कारण लिनोलेनिकसारखी तीन दुहेरी बंधांची मेदाम्ले हवेने लवकर बिघडतात. भांडी काचेची आणि झाकणांना टेफ्लॉनचे अस्तर हवे. क्लोरोफॉर्म प्लास्टिकमधले पदार्थ ओढून घेते. प्लास्टिक निसरडे व्हावे म्हणून घातलेला एरुकामाइड हा त्यांतला ओळखीचा पाहुणा, वस्तुमानाच्या वर्णपटात ३३८.३४ वर उभा राहतो.

तेलाचे द्रावण तयार झाले की ते खूप पातळ करावे लागते. ट्रायग्लिसराइडांचा पूर इतका असतो की फॉस्फोलिपिड त्यात दिसेनासे होतात, आणि एका नमुन्याचे तेल कॉलमला चिकटून पुढच्या नमुन्यात उतरते. फॉस्फोलिपिड पाहायचे असतील तर ते आधी वेगळे काढणे बरे. सोया लेसिथिनच्या कारखान्यात वेगळ्या कारणाने हेच केले जाते: कच्च्या सोया तेलात थोडे पाणी घालून ते ढवळतात, फॉस्फोलिपिड फुगून चिकट गाळ होऊन खाली बसतात, आणि त्या गाळातून लेसिथिन मिळते.

आता क्रोमॅटोग्राफी. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पानांतली रंगद्रव्ये खडूच्या भुकटीने भरलेल्या काचनळीतून सोडली आणि नळीत रंगांचे पट्टे उमटले. १९४१ मध्ये मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी दोन द्रवांतल्या वाटणीवर आधारलेली क्रोमॅटोग्राफी मांडली. तिला १९५२ चे नोबेल मिळाले. आजचा कॉलम पोलादी नळीचा असतो, बोटभर लांब आणि आतून दोन मिलिमीटरच्या आसपास रुंद. त्यात सिलिकाचे दोन मायक्रॉनहून लहान कण ठासून भरलेले असतात आणि प्रत्येक कणावर १८ कार्बनांच्या साखळ्यांची लव असते. म्हणून त्याला सी-१८ कॉलम म्हणतात. आधी पाणी आणि अॅसिटोनायट्राइल, मग हळूहळू आयसोप्रोपेनॉलचे प्रमाण वाढवत नेले की लिपिड एकामागून एक सुटत बाहेर येतात. लांब साखळीचे लिपिड त्या लवेला जास्त वेळ धरून राहतात. दुहेरी बंधाने साखळी वाकते आणि तिची पकड सुटते. एक दुहेरी बंध साधारण दोन कार्बन कमी असल्याइतका परिणाम करतो.

यातून तुल्य कार्बन संख्या ही कामाची कल्पना निघाली: मेदाम्लांच्या एकूण कार्बनांतून दुहेरी बंधांची दुप्पट वजा करायची. तीन लिनोलेइकच्या ट्रायग्लिसराइडसाठी ५४ वजा १२, म्हणजे ४२. तीन ओलेइकसाठी ५४ वजा ६, म्हणजे ४८. लहान संख्येचे रेणू आधी बाहेर पडतात. ऑलिव्ह तेलाच्या आंतरराष्ट्रीय तपासणीत याच ४२ च्या गटाचा उपयोग होतो. मेदाम्लांच्या टक्क्यांवरून हा गट किती असायला हवा ते गणिताने काढतात, अखंड ट्रायग्लिसराइडांच्या क्रोमॅटोग्राफीने किती आहे ते मोजतात, आणि दोघांत ठरलेल्या मर्यादेबाहेर तफावत आली की तेलात बियांचे स्वस्त तेल मिसळले असल्याचा संशय पक्का होतो. फोडलेल्या आणि अखंड रेणूंचा ताळा एकमेकांशी घालण्याची ही रीत तीळ, कारळे, जवस यांनाही लागू करण्याजोगी आहे.

मघाच्या सोयाबीनच्या जोडप्याची तुल्य कार्बन संख्या मात्र दोघांची ४२ च. सी-१८ कॉलमवर ते एकमेकांना लगटून बाहेर येतात. इथून पुढचे काम मास स्पेक्ट्रोमीटरचे.

हे यंत्र फक्त विद्युतभारित रेणू पाहू शकते, तेही निर्वात पोकळीत. द्रवात असलेला नाजूक लिपिड न मोडता तिथे कसा न्यायचा हा प्रश्न अनेक दशके अडून होता. जॉन फेन यांच्या इलेक्ट्रोस्प्रेने तो सुटला. कॉलममधून येणारा द्रव बारीक सुईतून काही हजार व्होल्टच्या दाबाखाली फवारला जातो. भारित थेंब सुकत लहान होत जातात आणि शेवटी उघडे आयन उरतात. २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये फेन यांचा वाटा याच कामासाठी होता. १९९४ मध्ये शियानलिन हान आणि रिचर्ड ग्रॉस यांनी या रीतीने माणसाच्या तांबड्या पेशींच्या पटलातले फॉस्फोलिपिड मोजून दाखवले. ट्रायग्लिसराइडांवर स्वतःचा भार नसल्याने ती इलेक्ट्रोस्प्रेला सहजी दाद देत नाहीत. वाहत्या द्रावकात अमोनियमचा क्षार घातला की अमोनियम आयन त्यांना चिकटतो आणि ती दिसू लागतात. तीन लिनोलेइकचे ट्रायग्लिसराइड असे ८९६.७७ वर दिसते.

वस्तुमान दशांशाच्या चौथ्या स्थानापर्यंत मोजणारी ऑर्बिट्रॅपसारखी यंत्रे २००५ पासून बाजारात आहेत. एवढी अचूकता हाती आल्यावर क्रोमॅटोग्राफी कशाला, असे वाटू शकते. उत्तर फॉस्फॅटिडिलकोलीन या पेशीपटलातल्या नेहमीच्या लिपिडात मिळते. ३४ कार्बन आणि एका दुहेरी बंधाचे फॉस्फॅटिडिलकोलीन ७६०.५८५ वर येते. दोन दुहेरी बंधांचे येते ७५८.५६९ वर. पण निसर्गातला दर शंभरातला एक कार्बन १३ वस्तुमानाचा असतो, त्यामुळे या दुसऱ्या लिपिडाचे काही रेणू दोन एककांनी जड असतात आणि ७६०.५७६ वर पहिल्याच्या अंगावर येतात. त्यांची उंची मूळ शिखराच्या शंभरात सुमारे १२. अंतर ०.००९ चे, ते सोडवायला ८५ हजारांच्या आसपास विभेदनक्षमता लागते. याहून अवघड गाठ सोडियमची. काचेतून, द्रावकातून कुठून तरी आलेला सोडियम पहिल्या लिपिडाला चिकटला की तो ७८२.५६७ वर जातो, आणि ३६ कार्बन व चार दुहेरी बंधांचे वेगळे फॉस्फॅटिडिलकोलीन ७८२.५६९ वर असते. हे अंतर बहुतेक यंत्रांच्या आवाक्याबाहेरचे आहे. कॉलमवर मात्र दोघे वेगवेगळ्या मिनिटाला येतात आणि गोंधळ मिटतो. चांगले वस्तुमान हाती असूनही बाहेर येण्याची वेळ ज्याने पाहिली नाही, त्याच्या यादीत नसलेले लिपिड हमखास शिरतात.

तिसरी साक्ष तुकड्यांची. निवडलेला आयन नायट्रोजन किंवा आर्गॉनच्या रेणूंवर आपटवून मोडायचा आणि तुकडे तोलायचे. फॉस्फॅटिडिलकोलीनचा १८४.०७ चा तुकडा इतका ठळक असतो की तो दिसला की गट ठरला. कोलेस्टेरॉल एस्टरचा ३६९.३५. ट्रायग्लिसराइड मोडताना अमोनिया आणि एक मेदाम्ल गळून पडते आणि दोन मेदाम्लांचा तुकडा उरतो. तीन लिनोलेइकच्या रेणूतून कोणतेही मेदाम्ल गळले तरी तुकडा एकच, ५९९.५. ओलेइक-लिनोलेइक-लिनोलेनिकच्या रेणूतून तीन वेगळे तुकडे निघतात: ५९७.५, ५९९.५ आणि ६०१.५. ज्या जोडप्याला आयोडीन मूल्य, मेदाम्लांचे टक्के, तुल्य कार्बन संख्या आणि अचूक वस्तुमान यांपैकी काहीच निर्विवाद वेगळे करू शकले नव्हते, ते इथे सुटे होते.

तुकड्यांनाही मर्यादा आहेत. दुहेरी बंध साखळीत नेमका कितव्या कार्बनावर आहे हे सामान्य आघातात कळत नाही. त्यासाठी ओझोनशी किंवा अतिनील प्रकाशात अॅसिटोनशी प्रक्रिया करून बंध त्याच जागी तोडण्याच्या खास रीती आहेत. मधल्या कार्बनावर कोण आहे हेही केवळ तुकड्यांच्या कमीजास्त उंचीवरून अंदाजाने सांगावे लागते. म्हणून लिपिडाचे नाव लिहिण्याचे नियम पायऱ्यांचे आहेत. पीसी म्हणजे फॉस्फॅटिडिलकोलीन. ‘पीसी ३४:१’ याचा अर्थ गट, एकूण कार्बन आणि एकूण दुहेरी बंध एवढेच ठाऊक. ‘पीसी १६:०_१८:१’ म्हणजे दोन्ही मेदाम्ले तुकड्यांनी सिद्ध, जागा अज्ञात. तिरपी रेघ घालून ‘पीसी १६:०/१८:१’ लिहिले तर जागाही सिद्ध केल्याचा दावा झाला. संगणकीय प्रणाली वस्तुमान जुळताच तिरप्या रेघेची नावे छापून देतात आणि ती तशीच निबंधांत उतरतात. एका खालच्या रेघेत आणि तिरप्या रेघेत पुराव्याचा मोठा फरक आहे, आणि या शास्त्राचा प्रामाणिकपणा त्या रेघेवर तोलला जातो.

ओळखीनंतर प्रमाण. शिखराचे क्षेत्रफळ म्हणजे प्रमाण नव्हे, कारण प्रत्येक गटाचे लिपिड वेगवेगळ्या सहजतेने भार घेतात. नमुन्यात अगदी सुरुवातीला, द्रावक घालतानाच, ज्ञात मात्रेत प्रमाणद्रव्य मिसळावे लागते: हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेले, किंवा १७ कार्बनांच्या विषम साखळीचे, जे निसर्गात फारसे आढळत नाही. प्रत्येक गटासाठी किमान एक. सगळ्या नमुन्यांचा थोडाथोडा अंश एकत्र करून केलेला मिश्र नमुना ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा चालवतात, म्हणजे यंत्र दिवसभरात किती ढळले ते कळते.

ही शिस्त असूनही प्रयोगशाळांचे जुळणे सोपे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने शंभर व्यक्तींच्या रक्तातून तयार केलेला प्लाझ्माचा एक प्रमाणनमुना आहे. २०१० मध्ये लिपिड मॅप्सने त्यात पाचशेहून अधिक लिपिडांचे प्रमाण प्रसिद्ध केले. २०१७ मध्ये ३१ प्रयोगशाळांनी तोच नमुना आपापल्या रीतीने मोजला. सगळ्यांनी मिळून १,५२७ लिपिड नोंदवले. एकमताचा आकडा काढता आला तो ३३९ लिपिडांचा, तोही ‘पीसी ३४:१’ या पहिल्या पायरीच्या नावांवर. हजार लिपिड सापडल्याचे सांगणाऱ्या कोणत्याही बातमीशेजारी हा आकडा ठेवावा.

महाराष्ट्रात या तंत्राचे उत्तम काम पुण्याच्या आयसरमध्ये सिद्धेश कामत यांच्या प्रयोगशाळेत झाले आहे. लायसोफॉस्फॅटिडिलसेरीन हे एकाच साखळीचे, संदेश वाहणारे लिपिड. ते तोडणारे एबीएचडी१२ हे विकर बिघडले तर श्रवण, दृष्टी आणि चालण्याचा तोल हिरावणारा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार होतो. हे विकर नसलेल्या उंदरांच्या मेंदूत या लिपिडाचे फार लांब साखळीचे प्रकार साठतात. विकराची पसंती अशाच लांब साखळ्यांना असल्याचे पुण्याच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले. गट एकच, डोके एकच, फरक फक्त शेपटीच्या लांबीचा. आणि तो फरक कॉलमवरच्या वेळेत आणि वस्तुमानात स्वच्छ दिसतो. त्याच वर्षी कामत आणि तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेले रूप मलिक यांच्या गटांनी, पेशीने गिळलेल्या कणांभोवतीच्या पिशव्यांतले लिपिड मोजून, पिशवी पक्व होताना त्यात सिरामाइड वाढत असल्याचे प्रसिद्ध केले. सिरामाइडांची मोजणी परदेशात रुग्णालयापर्यंतही पोहोचली आहे: हृदयविकाराचा धोका ताडण्यासाठी अमेरिकेतले मेयो क्लिनिक २०१६ पासून रक्तातल्या ठरावीक सिरामाइडांची चाचणी करते.

तेलबियांना याचा लाभ तितकाच थेट आहे. सोयाबीनला उग्र वास येतो तो लायपॉक्सिजिनेज या विकरामुळे. ते लिनोलेइक आणि लिनोलेनिकवर ऑक्सिजन चढवते. इंदूरच्या भारतीय सोयाबीन संशोधन संस्थेने या विकराचा एक प्रकार नसलेला एनआरसी १४२ आणि जास्त ओलेइकचा एनआरसी १४७ असे वाण दिले आहेत. तेल किती खवट झाले हे जुने पेरॉक्साइड मूल्य एका आकड्यात सांगते. एलसी-एमएसवर बिघडलेले ट्रायग्लिसराइड मूळ वस्तुमानाहून ३२ एककांनी जड दिसते, आणि नेमका कोणता रेणू आधी बिघडला ते कळते. साठवणीत टिकणारा वाण निवडायचा तर हीच माहिती हवी. तिळाचे तेल लिनोलेइक भरपूर असूनही बराच काळ टिकते. त्यात सेसमॉलसारख्या ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या घटकांचा वाटा मोठा आहे, आणि तेही याच यंत्रावर मोजता येतात. कारळ्याचे तर भौगोलिक फरकही ठळक आहेत: इथिओपियातल्या कारळ्याच्या तेलात लिनोलेइक भारतीय कारळ्यापेक्षा बरेच जास्त असते.

जबलपूर, इंदूर, अकोला, परभणी, राहुरी येथल्या कृषी संस्थांतून यापुढे सोयाबीन, तीळ, कारळे किंवा जवसाचा जो वाण प्रसारित होईल, त्याच्या वर्णनात तेलाच्या टक्क्याशेजारी अखंड ट्रायग्लिसराइडांची यादी असावी, प्रत्येक नावापुढे ते कोणत्या पायरीच्या पुराव्याने दिले आहे ते लिहिलेले असावे, आणि मूळ वर्णपट कुणालाही तपासता येतील असे खुले ठेवावेत.